काढलं ते कळवावं लागतं

या लेखात कुणाचंच नाव येणार नाही. काही गोष्टी मी मुद्दाम बदलल्या आहेत. कुठल्या बदलल्या ते विचारू नका, मी सांगणार नाही. असं का, ते पुढं कळेलच.

सुरतेतल्या एका शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात मी काम करते. लोकांना वाटतं, दिवसभर शिक्के मारून पुस्तकं देत-घेत बसत असेल. माझं काम वेगळं आहे. पीएचडीचे प्रबंध संगणकातल्या संग्रहात चढवायचे. प्रबंधाची फाइल घ्यायची, लेखकाचं नाव, विषय, मार्गदर्शक, वर्ष, सारांश भरायचा, की त्या प्रबंधाला एक नंबर मिळतो. तिथून पुढं माणसाचं काम संपतं आणि यंत्रांचं सुरू होतं. देशभरचे प्रबंध एकत्र ठेवणारं मोठं पोर्टल, संशोधकांची शोधयंत्रं, परदेशातले असलेच संग्रह, सगळे आमच्या संग्रहाच्या दारात येतात आणि विचारतात, मागच्या वेळी आलो होतो त्यानंतर नवीन काय? आमचा संग्रह मुकाट सगळं काढून देतो. कुणी नुसती माहिती नेतं, कुणी अख्खी फाइल उचलून आपल्या घरी ठेवतं. मग त्यांच्याकडून आणखी कुणी नेतं. आमच्या ग्रंथपालसाहेबांना याचं भारी कौतुक. कुणी पाहुणा आला की त्याला माझ्या टेबलापाशी आणून सांगायचे, "आपला प्रबंध इथं चढला की जगभर दिसतो." मीही मान हलवायची. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं.

माझे वडील खानदेशातून सुरतेच्या पांडेसरा भागातल्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, आले आणि तिथलेच झाले. आई अजून त्याच गल्लीत राहते. गल्ली सगळी आमचीच, घरात अहिराणी, दुकानात गुजराती, पोरांच्या तोंडी हिंदी. माझ्या लहानपणीच्या मैत्रिणी लग्न होऊन गेल्या, पण गल्ली बदलली नाही.

त्या गल्लीत एक मावशी राहायची. रक्ताच्या नात्याची नव्हे. मी कॉलेजात होते तेव्हा एका सकाळी कडेवर पोरगी आणि हातात एक पिशवी घेऊन ती आमच्या दारात उभी राहिली. तिच्या गावची एक बाई आमच्या ओळखीची होती, तिनं पाठवलेलं. उजवं मनगट सुजून भोपळा झालं होतं. नवऱ्यानं पिरगाळलं होतं. आईनं काही विचारलं नाही, आधी हळद लावली, मग पोरीला दूध दिलं. मनगट पुढं वाकडंच जुळलं. त्याच वाकड्या हातानं ती साड्यांवर खडे चिकटवायला शिकली, आणि गल्लीतल्या कुणाहीपेक्षा सरळ ओळ लावायची.

नवऱ्यानं तिच्या भावाला निरोप दिला होता, जिथं सापडेल तिथं कापीन. पोकळ धमकी नव्हती ती, मनगट बघितलेल्या कुणालाही ते कळत होतं. तेव्हापासून आमच्या गल्लीनं एक गोष्ट पाळली. त्या बाजूचं कुणीही आलं, कामासाठी आलं, लग्नाला आलं, आणि सहज म्हणून जरी विचारलं, तरी उत्तर एकच, अशी कोणी बाई इथं राहत नाही. एरवी आमच्या गल्लीतल्या बायकांच्या पोटात तीळ भिजत नाही. कुणाच्या घरात कुठली भाजी शिजली ते मारुतीच्या देवळापर्यंत पोचतं. पण ही एक गोष्ट कुणाच्या तोंडून कधी गेली नाही, लहान पोरांच्यासुद्धा नाही.

आणि ती गेली कुठून? माझ्या ऑफिसातून.

झालं असं. काही वर्षांपूर्वी एक संशोधक मुलगी गल्लीत यायची. घरी बसून साड्यांचं काम करणाऱ्या बायकांवर तिचा प्रबंध होता. चांगली मुलगी. जमिनीवर मांडी घालून बसायची, खडे चिकटवून बघायची, बोटाला डिंक लागला की हसायची. बायकांना आवडली. त्या तिच्याशी मोकळं बोलल्या, मावशीही बोलली. शेवटी तिनं प्रत्येकीला नाव विचारलं. मावशीनं सांगितलं, स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव.

हे ऐकून मी पुढं कपाळाला हात लावला होता. "अगं, ज्याच्या भीतीनं पळालीस त्याचंच नाव सांगितलंस?"

तर माझ्याकडं बघून म्हणते कशी, "नाव इचारं तं पुरं सांगाले नको का?" नाव विचारल्यावर पूर्ण नको का सांगायला. रेशन कार्डावर तेच, दवाखान्याच्या कागदावर तेच, पोरीच्या शाळेतही तेच. लग्न झालेल्या बाईचं नाव मधल्या नावाशिवाय तिला अर्धवट वाटायचं. नवरा सुटला होता, त्याचं नाव सुटलं नव्हतं. तिला तरी काय हसू, मीसुद्धा बँकेत तसंच सांगते.

त्या मुलीच्या मार्गदर्शकांनी तिला सांगितलं, भेटलेल्या बायकांची यादी मागं जोड, नाहीतर घरी बसून लिहिलं म्हणतील. आमच्याकडं ही पद्धतच आहे. शेवटी परिशिष्ट, त्यात तक्ता, तक्त्यात नाव, गल्ली, घर नंबर, कामाचा प्रकार. सगळे करतात, म्हणून तिनंही केलं. पदवी मिळाली, पेढे वाटले, आणि प्रबंध आमच्या संग्रहात चढला.

मावशीची लेक एव्हाना नर्सिंगला होती. एके दिवशी डबा खाताना मैत्रिणी मोबाइलवर आपापली नावं टाकून बघत होत्या, कुणाचं काय येतं. हिनंही आपलं पूर्ण नाव टाकलं. मधे बापाचं नाव, पुढं आडनाव. पहिल्याच ओळीत आईचं नाव आलं. खाली गल्ली.

दुपारी दोघी माझ्यासमोर उभ्या. मावशी पहिल्यांदाच माझ्या ऑफिसात आली होती, चपला दाराबाहेर काढून. लेकीनं मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, बाबांनी कधी स्वतःचं नाव टाकून बघितलं ना, तर त्यांना हेच दिसेल."

तो माणूस जिवंत होता, त्याच्या घरात तरणे पुतणे होते, त्यांच्या हातात मोबाइल होते. मुद्दाम शोधायचीही गरज नव्हती. रिकामपणी गंमत म्हणून काकाचं नाव टाकलं की झालं.

मावशी तेवढंच म्हणाली, "तू काढी टाक माय."

"आत्ता काढते," मी म्हटलं.

आत्ता कुठलं! साहेब म्हणाले, प्रबंध हा सार्वजनिक दस्तऐवज आहे, असा काढता येत नाही. मी म्हटलं, साहेब, प्रबंध राहू द्या, शेवटची पानं काढायची आहेत. ते म्हणाले, समितीपुढं ठेवू. तिथं मात्र माझा तोल गेला. समितीतल्या एकाच्याही घराच्या पत्त्यावर कुणी कोयता घेऊन येणार नव्हतं, तसं मी बोललेही. आवाज जरा जास्तच चढला असणार, कारण बाहेरच्या वाचनकक्षातली पोरं दारात गोळा झाली. साहेब चमकले, मग चष्मा पुसत बसले आणि शेवटी म्हणाले, काढा, सही मी करतो. माणूस वाईट नाही. संशोधक मुलगी आता दुसऱ्या शहरात प्राध्यापक आहे. तिला फोन केला तर ती रडायलाच लागली. नवी फाइल तिनं त्याच दिवशी पाठवली, परिशिष्ट वगळून.

आमचे संगणकाचं बघणारे भाई मोठे कामसू. त्यांनी जुना प्रबंध नंबरासकट मुळापासून पुसला आणि नवा, वेगळ्या नंबरानं, चढवला. मला दाखवून म्हणाले, "बेन, एकदम साफ करी नाख्युं." खरंच साफ होतं. जुना नंबर टाकला तर असं काही सापडत नाही म्हणून येत होतं. संध्याकाळी मी पांडेसऱ्याला गेले आणि मावशीला सांगितलं, काढलं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं झालं.

मग काही आठवडे गेले आणि लेकीचा फोन आला. "ताई, अजून दिसतंय."

मी म्हटलं, तुझ्या मोबाइलमधलं जुनं असेल. तिनं सांगितलं म्हणून माझ्या संगणकावर बघितलं. आमच्याकडं नव्हतं, पण मोठ्या पोर्टलवर होतं. नवा प्रबंध वर आणि खाली जुना, तक्त्यासकट, घर नंबरासकट. आणखी एका शोधयंत्रावरही होतं. परदेशातल्या एका संग्रहात तर फाइलच होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भाईंच्या खोलीत जाऊन म्हटलं, "भाई, हे साफ?"

ते बघत बसले, मग कुणाकुणाला फोन केले, मग पडेल चेहऱ्यानं मला समजावून सांगितलं. बाहेरची यंत्रं येतात आणि नवीन काय, बदललं काय, एवढंच विचारतात. प्रबंध मागं घेतला असेल तर त्याचा नंबर तसाच ठेवून त्यावर 'मागे घेतला' अशी खूण करायची असते. मग पुढच्या फेरीला यंत्रांना ती खूण दिसते आणि तीही आपल्याकडचं काढतात. आम्ही नंबरच पुसला. सांगायला काही उरलंच नाही, म्हणून आमचा संग्रह काही बोलला नाही, आणि कुणी काही बोललं नाही म्हणून बाकीच्यांनी धरून चाललं की सगळं जागच्या जागी आहे.

"म्हणजे आपण जास्त साफ केलं म्हणून ते राहिलं?" मी विचारलं.

"हा, बेन," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मला पुढं भांडवेना.

आता हे मावशीला कसं सांगायचं? दुसऱ्या दिवशी तिच्याकडं गेले. ती साडी मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "मावशी, माझ्या चुलत बहिणीचं मोडलेलं लग्न आठवतं?"

तिला आठवणार नाही असं कसं होईल! आमच्या काकांनी पत्रिका वाटल्या होत्या, अगदी धुळे-नंदुरबारपर्यंत. लग्न ऐन वेळी मोडलं. काका शरमेनं घरात बसून राहिले. म्हणाले, लग्नच नाही तर कोण येतंय. आणि ठरल्या दिवशी अर्धा खानदेश नवे कपडे घालून, आहेराची भांडी घेऊन उधना स्टेशनवर उतरला. आमच्याच नात्यातली एक म्हातारी विचारते, मांडव कुठं आहे? एवढ्या माणसांना जेवू घालायला गल्लीतल्या बायका पिठल्याच्या पातेल्याला लागल्या, त्यात मावशी पुढं होती, फक्त पाहुण्यांना न दिसता, आतल्या चुलीपाशी. ते आठवून ती खुसखुसली आणि तोंडावर पदर धरला.

"तुझंही तसंच झालंय," मी म्हटलं. "पत्रिका सगळीकडं गेल्या. आम्ही इकडं मांडव मोडला, पण कुणाला कळवलं नाही. आता घरोघर कळवावं लागेल."

तिचं हसू थांबलं. "कळावाकरता काय करशीन?"

"तो जुना नंबर परत ठेवावा लागेल."

"परत टाकशीन?" हातातला खडा खाली पडला.

"नाव नाही, गल्ली नाही, काही नाही. नुसता नंबर, आणि त्याच्यापुढं 'मागे घेतला'. एवढंच."

"मन्हं नाव नही ना त्याम्हा?"

"नाही."

तिनं खडा शोधून उचलला आणि जागेवर बसवला. "मंग ठेव," म्हणाली.

भाईंनी नंबर परत उभा केला आणि खूण केली. पुढच्या फेरीत मोठ्या पोर्टलनं जुना प्रबंध काढला. त्यांच्याकडून नेणाऱ्यांनीही हळूहळू काढला. मी रोज सकाळी चहाच्या आधी मावशीच्या नवऱ्याचं नाव टाकून बघायचे. आयुष्यात ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याचं नाव मी माझ्या नवऱ्याच्या नावापेक्षा जास्त वेळा टाइप केलं असेल. रोज एखादी ओळ कमी व्हायची. मी लेकीला कळवायचे, ती आईला.

शेवटी एक राहिलं. तो परदेशातला संग्रह. एकदाच आला, सगळं भरून घेऊन गेला, आणि पुन्हा आमच्या दारात फिरकलाच नाही. त्यामुळं आमची खूण त्याला दिसणार कशी? साहेबांच्या सहीनं पत्र पाठवलं. उत्तर आलं, आपण संपर्क केल्याबद्दल आभारी आहोत. दुसरं पाठवलं, तेच उत्तर, तोच मजकूर. तिकडं कुणी माणूस होता की नाही देव जाणे. मी टेबलावर बसल्या बसल्या अहिराणीत अशा शिव्या दिल्या की शेजारची गुजराती बेन, जिला त्यातलं अक्षर कळत नाही, ती पाण्याचा ग्लास घेऊन आली.

मावशीला खोटं सांगणं मला जमलं नसतं. मी सांगितलं, एका ठिकाणी राहिलंय आणि आता आमच्या हातात काही नाही.

"कितला दिन ऱ्हाई?" तिनं विचारलं. किती दिवस राहील?

"माहीत नाही, मावशी. कदाचित कायमचंच."

ती चिडली नाही, रडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं दाराकडं बघितलं, उघड्या दाराकडं. आमच्या गल्लीत दिवसा कुणी दार लावत नाही. ती उठली आणि तिनं दार लोटून घेतलं.

त्यानंतर काही दिवसांनी आईचा फोन आला. "गई ती," एवढंच म्हणाली. सकाळी टेम्पो आला. कपाट, खाट, साड्यांचा गठ्ठा, लेकीची पुस्तकं. गल्लीतल्या बायकांनी सामान चढवलं आणि सगळ्याच रडल्या. जिथं तिला कुणी कधी दाखवून दिलं नाही अशी एकच जागा तिच्याकडं होती, ती सोडून ती गेली. त्या परदेशी यंत्राला मी काही केल्या पटवून देऊ शकले नाही की ही ओळ चुकीची आहे, काढून टाक. तर हिनं घर सोडून ती ओळ चुकीची करून टाकली. मी त्या दिवशी ऑफिसातल्या बाथरूममध्ये जाऊन रडले आणि नंतर तोंड धुऊन प्रबंध चढवत बसले.

आता कुठलाही प्रबंध आला की मी आधी मागची पानं उघडते. नाव-पत्त्याची यादी असली की परत पाठवते. पोरं कुरकुरतात, मार्गदर्शक फोन करतात, मॅडम, पुराव्याचं काय? मी म्हणते, पुरावा तुमच्या कपाटात ठेवा. साहेबांनी तसा नियमच काढला. नियम चांगला आहे, पण उशिरा आला.

परवा मावशी भेटली. लेकीच्या फोनवरून तिनंच बोलावलं होतं, कतारगामच्या बाजूला, रस्त्याकडेच्या एका चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर. ती तिथं राहते असं समजू नका. भेटायला लांबची जागा निवडली होती, हे मला आल्याबरोबर कळलं. वाळली होती, पण चेहरा शांत होता. पिशवीत माझ्यासाठी ठेचा आणला होता. काम मिळतं का, विचारलं, मिळतं म्हणाली. शेजार कसा आहे, विचारलं, चांगला शे म्हणाली.

"नवीन ठिकाणी नाव इचारं तं," चहा बशीत ओतता ओतता ती म्हणाली, "मी फक्त मन्हं नाव सांगं. मधलं काढी टाकं." आणि मग माझ्याकडं बघून डोळे बारीक केले. "तू म्हणस ना, काढं ते कळावनं पडस? मी कोणलेच कळावं नही."

मी इतक्या जोरात हसले की लारीवाला बघायला लागला. मग हसताना माझे डोळे भरून आले आणि तिनं वाकड्या मनगटाच्या हातानं माझ्या पाठीवर थापटलं.

प्रबंध घेऊन येणाऱ्या प्रत्येकाकडून मी आधी फॉर्मवर दोन गोष्टी लिहून घेते, नाव आणि पत्ता. तिला मी पत्ता विचारला नाही. तिनंही सांगितला नाही. रिक्षा थांबवली, तिला बसवलं, पिशवी आत दिली. रिक्षा सुरू झाली, तेव्हा ती पुढं कुठल्या बाजूला वळते ते दिसू नये म्हणून मी पाठ फिरवून उभी राहिले.